कडोदऱ्याला पायी निघालेला पडदा

सारोली मागे पडली तेव्हा सुमनबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं, "हिलालभाऊ, रिक्षा करायची का?"

"करू की," हिलालभाऊ म्हणाले, आणि चालत राहिले.

त्यांनी छातीशी एक चोवीस इंची पडदा धरला होता. कॉम्प्युटरचा. बायकोच्या, कलाबाईंच्या, जुन्या सुती लुगड्यात गुंडाळलेला, वरून दोन गाठी मारलेला. तान्हं पोर दवाखान्यात न्यावं तसे ते त्याला घेऊन पर्वत पाटियाच्या घरापासून निघाले होते. रस्त्यात एका चहावाल्याने हाक मारली, "काका, टीव्ही क्यां लइ जाव छो?"

"टीव्ही नाही, पेशंट आहे," हिलालभाऊ मराठीतच म्हणाले. चहावाल्याला काय समजायचं ते समजलं. त्याने पाणी दिलं.

सुमनबाई पालिकेच्या मराठी शाळेतून तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या होत्या. खानदेश मंडळाच्या दिवाळी अंकात 'आपली माणसं' नावाचं पान त्या लिहीत, आणि यंदा त्यांनी हिलालभाऊंना निवडलं होतं. सदतीस वर्षं लूमच्या खात्यात मास्तर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा माणूस. रविवारी सकाळी वही घेऊन त्या घरी गेल्या तर हे दारातच. "बाई, आज कडोदऱ्याला जायचंय. चालता चालता विचारा ना." बाईंना वाटलं, कोपऱ्यावरून रिक्षा धरतील.

आता त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत वहीशिवाय एक काळा डबा होता, साबणाच्या दोन वड्यांएवढा. त्याला डॉक म्हणतात, हे त्यांना आजच कळलं. त्याचं एक शेपूट लॅपटॉपला लावायचं, आणि पडदे, कीबोर्ड, माउस, चार्जर, सगळे या डब्याला लावायचे.

"पण पायीच का?" बाईंनी सरळ विचारलं.

"फणी कधी रिक्षात नेतात का?"

फणी म्हणजे मागावरची ती लोखंडी कंगव्यासारखी पट्टी, जिच्यातून ताण्याचा एकेक उभा धागा जातो. एक दात वाकला तर शेवटच्या मीटरपर्यंत कापडावर रेघ उमटते. म्हणून मास्तर लोक फणी दुरुस्तीला हातात धरून पायी नेतात. हिलालभाऊंनी आयुष्यात कुठलीही नाजूक वस्तू दुसऱ्या कुठल्या पद्धतीने नेलेली नव्हती. हर्षदा जन्मली तेव्हा तिलाही दवाखान्यातून असंच आणलं होतं, कलाबाई रिक्षातून पुढे आणि हे मागून पायी, पोर छातीशी.

हर्षदा ही त्यांची एकुलती लेक. तिच्याचसाठी हा सगळा खटाटोप.

तिला पुण्याच्या एका कंपनीत नोकरी लागली होती. जुने नकाशे कॉम्प्युटरवर उतरवायचे. काम घरून, पण कंपनीची अट: दोन मोठे पडदे हवेत, एकावर जुना नकाशा, दुसऱ्यावर नवा. बुधवारी कंपनीचं सामान आलं आणि गुरुवारपासून घरात सुतक पडल्यासारखं झालं. कीबोर्ड चाले, माउस चाले, लॅपटॉप चार्ज होई. पडदे मात्र दोन्ही काळे. त्यांच्यावर 'सिग्नल नाही' एवढंच इंग्रजीत उमटे आणि तेही विझे.

लॅपटॉपवर विंडोज नव्हतं, लिनक्स होतं. हर्षदा काळ्या खिडकीत पांढरी अक्षरं टाइप करी, की लॅपटॉपला कुठले पडदे दिसताहेत त्याची यादी येई. यादीत लॅपटॉपचा स्वतःचा पडदा, बाकी कुणी नाही. तिने सगळं अपडेट केलं, वायरी बदलल्या, अकरा वेळा बंद करून चालू केलं. कंपनीच्या मदतवाल्याने लिहिलं, 'लिनक्सवर डॉकचं असं होतं कधीकधी. सोमवारी दहापर्यंत चालू झालं नाही तर पुण्याला ऑफिसात या, हॉस्टेलची सोय करू.'

"हे लिनक्स घेतलं कुणाकडून?" हिलालभाऊंनी लेकीला विचारलं होतं.

"फुकट मिळतं, पप्पा."

"मग झालं. फुकटच्या मालाची तक्रार कुणाच्या दारात न्यायची?"

हे सांगताना त्यांनी पडदा छातीशी आणखी घट्ट धरला. सुमनबाईंनी तिकडे पाहिलं नाही, रस्त्याकडे पाहिलं. पोर पुण्याला गेली की घरात दोन माणसं आणि दोन काळे पडदे उरणार, एवढं त्यांना वहीत न लिहिताही समजलं.

"लूमचं काहीतरी सांगा," त्या म्हणाल्या. "पानभर तर भरलं पाहिजे."

मग त्यांनी चौदा नंबरच्या मागाची गोष्ट सांगितली. खात्यात एक पाटी असे. कुठला माग का बंद पडला ते खडूने तिथे लिहायचं. एकदा एका कारागिराने स्वतः धागा उलटा भरला आणि पाटीवर लिहिलं, 'चौदा नंबर, मशीन खराब'. बस. त्या मागाचं नाव गेलं. पुढे कुणी त्यावर उभं राहीना, तेलही घालीना. शेवटी तो भंगारात गेला. "चांगला माग होता, बाई. माणसाच्या फॉल्टने मेला."

कडोदरा आलं तेव्हा बाईंच्या टाचा बोलायला लागल्या होत्या.

हिलालभाऊंचा पुतण्या ललित तिथे साड्यांची डिझाइनं कॉम्प्युटरवर बनवी. पडदा आणि डॉक त्याच्या लॅपटॉपला लावून दोष कशात आहे ते पाहायचं, असा बेत होता. काकांना दारात पाहून तो उठलाच. "काका, पायी उनात? आनि बाईसले बी चालाडं?"

"बाईंनीच हट्ट धरला," हिलालभाऊ म्हणाले. बाईंनी चपला काढून टाचा चोळल्या.

ललितने पडद्याचं लुगडं सोडलं, डॉक जोडला, आणि त्याचं शेपूट बोलता बोलता आपल्या लॅपटॉपच्या उजव्या बाजूला खुपसलं. पडदा काळाच. हिलालभाऊंनी मान हलवली, डॉक्टरने हात टेकल्यावर नातेवाईक हलवतात तशी.

"अरे, चुकलं," ललित म्हणाला, आणि तेच शेपूट काढून डाव्या बाजूला लावलं.

पडदा उजळला. त्यावर मोरपंखी साडीचा काठ आला, लखलखीत.

हिलालभाऊ पडद्यावर वाकले. "हे काय केलंस तू?"

"काही नाही. दोन्ही भोकं दिसतात सारखी, पण उजव्यातून करंट जातो, माउस-कीबोर्ड चालतो. चित्र फक्त डाव्यातून जातं. सगळ्या लॅपटॉपला नसतं असं, पण पुष्कळांना असतं."

"एकाच मापाची दोन भोकं, आणि काम वेगळं? लूमला असं कुणी केलं असतं तर खात्यात उभा केला नसता त्याला."

"बाजूला बारीक खूण असते ना, काका. पडद्याचं चित्र. तुमच्या लॅपटॉपला नाही?"

"नाही," हिलालभाऊ म्हणाले. मग स्टुलावर बसले.

सुमनबाईंनी विचारलं, "काय झालं?"

"बाई, खूण असेल. मीच तिच्यावर कुंकू लावलं."

झालं होतं ते असं. नवं मशीन पूजेशिवाय चालू करायचं नाही, हा मास्तरचा नियम. बुधवारी त्यांनी लॅपटॉप पाटावर पूर्वेकडे तोंड करून ठेवला, डाव्या अंगाला कुंकवाचं ओलं बोट टेकवलं, त्यावर अक्षता चिकटवल्या. डॉक राहिला उजवीकडे, म्हणून शेपूट उजव्या भोकात. बसलं नीट, म्हणजे तेच त्याचं भोक. आणि वर हर्षदाला बजावलं होतं, पाच दिवस पूजेला हात लावायचा नाही. पोरीने सगळं लिनक्स उलटंपालटं केलं, पण बापाच्या कुंकवाला धक्का लावला नाही.

ललित हसला नाही. त्याने तोंड फिरवून चहा सांगितला. त्याचे खांदे मात्र हलत होते.

"फोन करून सांगा तिला," तो म्हणाला.

"काय सांगू? डॉक बाईंच्या पिशवीत आहे."

हिलालभाऊ पुन्हा लुगड्याच्या गाठी मारायला लागले. सुमनबाईंनी पिशवी खांद्याला लावली. "मी रिक्षाने चालले, भाऊ. डॉक माझ्याकडे आहे. तुम्ही या सावकाश, पायी."

मग तेही त्याच रिक्षात बसले. पडदा मांडीवर, हात दोन्हीकडून. प्रत्येक खड्ड्याला ते "हळू रे बाबा" म्हणत आणि बाई मनात सप्तशृंगी आईचं नाव घेत. खड्डे बरेच होते. आईचं नाव बरंच झालं.

घरी हर्षदा बॅग भरत होती. तिने सगळं ऐकलं, लॅपटॉपची डावी बाजू पाहिली, पण बोट पुढे केलं नाही. कलाबाईही नाही. पुसायचं कुणी?

सुमनबाईंनी पदराचं टोक ओलं केलं, आईचं नाव घेतलं आणि कुंकू हलकेच टिपलं. टिपलेलं वाया जाऊ नये म्हणून बोटाने हर्षदाच्या कपाळाला लावलं. खालून खूण निघाली. तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढा पडदा.

हर्षदाने शेपूट तिथे लावलं. एक पडदा उजळला, मग दुसरा. यादीत आता तीन नावं होती. ती आधी हसली, मग बॅगेतले कपडे काढून परत फळीवर ठेवायला गेली आणि बराच वेळ आली नाही. कलाबाई नवऱ्याला म्हणाल्या, "सदतीस वर्षं मास्तर." एवढंच.

हिलालभाऊ सुमनबाईंना पोचवायला जिन्यापर्यंत आले. बाईंच्या हातात वही होती. ते वहीकडे बघत होते.

"बाई, एक मागू का? हे सगळं लेखात घाला. फॉल्ट माझ्या नावावर मांडा, पूर्ण नावाने, हिलाल दगा पाटील. मशीनच्या नावावर नको, त्या लिनक्सच्याही नको. पोरीला अजून त्याच्यावर काम करायचंय."