मागल्या दाराची मालकीण

बँकेच्या साहेबांना खुर्ची दिली ती आमच्या भाडेकरूने. माझ्या आईला त्याच्या बायकोने, काकीने, मागल्या दारी उभं केलं. घर आईचं होतं.

"गो, मागल्यान ये. फुडे सायब बसले आसत," काकी म्हणाली. आणि आई गेली. डोक्यावर माशांची पाटी घेऊन, माड चुकवत, घराला वळसा घालून. मासेवालीने मागल्या दारी जायचं, ही मालवणातली रीत. जन्मभर ती तशीच गेली. स्वतःच्या घरालाही.

बाबा गेल्यावर होडीतला हिस्सा विकून आम्ही ते दोन खोल्यांचं कौलारू घर घेतलं. भाड्याने द्यायलाच. कमी पडले ते पैसे मासळीच्या व्यापाऱ्याने दिले. अट अशी, की कर्ज फिटेपर्यंत आईने मासळी त्याच्याचकडून घ्यायची, तो सांगेल त्या भावाने. भाडं त्याच्या व्याजात जायचं आणि आई उरलीसुरली, मऊ पडलेली मासळी विकत हिंडायची. बँकेने त्याच घरावर कर्ज दिलं असतं तर व्यापाऱ्याचं फेडून ती सुटली असती. म्हणून साहेब घर बघायला आले होते.

"मालक आपणच?" साहेबांनी नानांना विचारलं. नाना कचेरीत कारकून. आमचे भाडेकरू.

नाना नाही म्हणाले नाहीत. "बघतो मीच सगळं," म्हणाले.

मी ओट्याच्या कडेला उभी होते. मला चारचौघांत बोलता येत नाही. इंग्रजी शाळेत मी उत्तरं मनातच द्यायची. त्या दिवशी मात्र बोलले. "मालक माझी आई आहे. ती मागे उभी आहे."

साहेबांनी माजघरातून मागे पाहिलं. "ती? मासेवाली?"

नाना हसले. "चेडवाक इंग्लिश शाळेत घातल्यान, पण पाटयेचो वास काय जाणा नाय."

साहेबही हसले. त्या वासावर माझी फी भरली गेली होती. त्या वासावर हे घर उभं होतं, आणि त्याच घरात बसून ते दोघे चहा पीत होते.

"दोन जामीनदार लागतील," साहेब म्हणाले. "चांगल्या घरातले. नाना एक चालतील."

नाना तयारच होते. "ऱ्हवतंय मी जामीन. पण भाडा वाढवचा नाय. आणि आवशीक सांग, पाटी घेवन हय येव नको."

आईने मागूनच हात जोडले. "उपकार जाले, नानानू."

ते जोडलेले हात बघून माझ्या अंगाची आग झाली. म्हटलं, "नाना जामीन नकोत. जामीनदार मी आणते. माशांच्या बाजारातल्या दोघी. दोघींची घरं त्यांच्याच नावावर आहेत."

"मासेवाल्या? जामीन?"

"हो. चालत नसतील तर का चालत नाहीत ते लिहून द्या. मी तुमच्या वरच्या ऑफिसात नेईन."

साहेब चहा टाकून उठले. वाटेत आई मला म्हणाली, "गप ऱ्हवाक काय जाला होता तुका? हातातला घालवलंस." मग पाटी घेऊन ती माझ्यापुढे घरच्या वाटेने चालू लागली. मला तिचाही राग आला होता. असे हात जोडायला तिला मागल्या दारांनीच शिकवलं, हे मला ठाऊक होतं, तरी आला.

सोमवारी त्या दोघी बाजार बुडवून माझ्याबरोबर बँकेत आल्या. आई आली नाही. अर्जावर अंगठा तेवढा दिला आणि व्यापाऱ्याच्या दारात मासळीची वाट बघत बसली. साहेबांनी आम्हाला पाहिलं आणि रुमाल नाकाला लावला. बसा म्हणाले नाहीत. मी तीन खुर्च्या ओढल्या, त्या दोघींना बसवलं, मी बसले.

"अर्ज घ्या, नाहीतर नकार लिहून द्या," मी म्हटलं. दोन्हीपैकी एक कागद हातात आल्याशिवाय मी तिथून उठणार नव्हते.