विठूच्या शिंका आणि दुबईचा गालिचा

मथुरा शिवलकर सकाळी घर झाडायला लागली की शेजारची चिमा आपल्या खिडक्या लावून घ्यायची. मथुरेच्या हाताला जोरच तसा. ओटीवरची धूळ ती अशी भिरकावून द्यायची की अंगणातल्या कोंबड्या डोळे मिटून उभ्या राहायच्या. नवरा विठू बोटीवर, मुलगी राजश्री लग्न होऊन खेडला. घरात भांडायला कोणी नाही, म्हणून अठ्ठावीस वर्षं मथुरा केराशी भांडली. रत्नागिरीजवळच्या काळबादेवीत आपल्याइतकं स्वच्छ घर कोणाचं नाही, असं ती स्वतःच सांगायची आणि उलट बोलायची कोणाची छाती नव्हती.

विठू दर रजेला काहीतरी घेऊन यायचा. लाल गालिचा, वाघाच्या चित्राचं ब्लँकेट, मखमली पडदे, एकदा तर माणसाएवढं कापसाचं अस्वल. रजा संपून तो निघाला की मथुरा सगळं ट्रंकांत भरायची.

"वापरून खराब कशाला करायचं? कायमचे घरी येतील तेव्हा काढू," ती म्हणायची.

गेल्या डिसेंबरात विठू कायमचा घरी आला. मथुरेने ट्रंका उघडल्या. माजघरात गालिचा, दारांना मखमल, पलंगावर वाघ, कोपऱ्यात अस्वल. विठू आपल्याच घरात पाहुण्यासारखा हळूहळू पाय टाकत फिरला.

तिसऱ्या सकाळी शिंका सुरू झाल्या. एक नाही, दोन नाही, ओळीने सतरा. चिमाने कुंपणापलीकडून मोजल्या. नाक लाल, डोळ्यांतून पाणी, आणि दुपारी जरा उतार पडतोय तोवर पुन्हा पलंगावर आडवा झाला की चालू.

"बोटीवर अठ्ठावीस वर्षं काढली," विठू म्हणाला, "एक शिंक नाय. घरात पाय ठेवला आणि बघ."

"मग जा परत बोटीवर."

चिमा हसत म्हणाली, "गो मथुरा, तुझीच ॲलर्जी झाली त्याला!"

हा विनोद दोन दिवसांत अख्ख्या वाडीत फिरला. मथुरेला तो चांगलाच झोंबला. तिने दिवसातून तीनदा झाडायला सुरुवात केली. शिंका सतराच्या चोवीस झाल्या. एका सकाळी विठू पूजेला बसला असताना त्याच्या शिंकेने निरांजन विझलं आणि मथुरेला सगळ्या देवांना पुन्हा आंघोळ घालावी लागली. मग मात्र तिने त्याला पकडून रत्नागिरीत डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरीण तरुण होती. तिने विठूच्या हातावर बारीक टोचून तपासणी केली. एका ठिकाणी डास चावल्यासारखी गांध उठली.

"घरातल्या धुळीत डोळ्यांना न दिसणारे किडे असतात, त्यांची ॲलर्जी आहे," ती म्हणाली. "गादीत, उशीत, गालिचात राहतात. माणसाच्या अंगाचा कोंडा खातात."

"माझ्या घरात किडे?" मथुरा खुर्चीतून अर्धी उठली.

"मावशी, सगळ्यांच्याच घरात असतात. माझ्यासुद्धा."

"तुमच्या असतील."

डॉक्टरणीने हसू दाबलं आणि काय करायचं ते सांगितलं. कोरडं झाडू नका, धूळ उडून तासभर हवेत राहते. ओल्या फडक्याने पुसा. चादरी, अभ्रे आठवड्याला कढत पाण्यात धुवा. गादीला, उशीला घट्ट चेन असलेली खोळ घाला. भिंतीला ओल असेल तिथली बुरशी काढा, खिडक्या उघड्या ठेवा. आणि गालिचा, जाड पडदे, कापसाची खेळणी झोपायच्या खोलीत तरी नकोतच.

परत येताना रिक्षात मथुरेला एकच गोष्ट डाचत होती. अठ्ठावीस वर्षं ज्या झाडण्याचा डौल मिरवला, तेच उलटलं होतं.

तरी तिने केलं. खोळी शिवून आणल्या, चादरी हंड्यात उकळल्या, न्हाणीघरालगतची काळी पडलेली भिंत घासून काढली. पडदे उतरवले. अस्वलाला धुऊन दोरीवर कानांनी टांगलं. येणारेजाणारे थांबून बघायचे. फक्त गालिचा हलला नाही. शिंकाही नवाच्या खाली उतरल्या नाहीत.

"गो, टाक ना तो गालिचा," विठू एकदा काकुळतीला येऊन म्हणाला.

"बावीस वर्षं जपलाय!" मथुरेचा आवाज चढला, मग एकदम खाली आला. "तुम्ही गेलात की ट्रंकेत ठेवण्याआधी घटकाभर अंथरून बसायची मी त्याच्यावर. एकटीच. इतक्या लांबून, दुबईहून आणलात म्हणून."

विठू पायाच्या अंगठ्याने गालिचाची कड उकरू लागला.

"दुबईचा नाय तो," तो म्हणाला. "दुबईत वेळच मिळाला नाय. मुंबईत मस्जिद बंदरला उतरून घेतला. घासाघीस करून."

मथुरेने त्याच्याकडे बघितलं. मग गालिचाकडे. मग पदर खोचला, तोंडाला फडकं बांधलं, आणि गालिचा एकटीने फरफटत मागच्या कातळावर नेला. दांडक्याने तिने त्याला जे झोडपलं, त्यातला प्रत्येक फटका कोणासाठी होता हे विठूला घरात बसूनही कळत होतं. धुळीचा लोट पार चिमाच्या शेळ्यांच्या वाडग्यापर्यंत गेला.

"टाकणार असशील तर माझ्या शेळ्यांखाली घालीन," चिमा खोकत म्हणाली.

"ने," मथुरा म्हणाली. "दुबईचा हाय म्हणून सांग शेळ्यांना."

पंधरा दिवसांत विठूच्या शिंका चारावर आल्या, कधी दोनच. लादी पुसायचं काम त्याने आपल्याकडे घेतलं. बोटीवर डेक धुवायची सवय. ओला फडका घेऊन तो भिंतीपासून दाराकडे मागे मागे सरकत असा सफाईने यायचा की वाडीतल्या बायका बघायला जमल्या. मथुरेला अभिमानही वाटला आणि रागही आला. सकाळी आठ वाजता चहाचा कप घेऊन ओटीवर रिकाम्या हातांनी बसायची तिची ही पहिलीच वेळ. दोन घोट झाले, आणि तिला राहवेना.

"अहो, कपाटाखालचं राहिलं!"

"पुसलंय."

"नाय पुसलं. मी इथून बघत्ये."

ओटीवरून कपाट दिसत नव्हतं. विठूने तरी पुन्हा वाकून पुसलं.