आईच्या फोटोची चौकट

मंडळी, सकाळपासून एका फोटोची चौकट चार वेळा बदलली. आता तुम्हालाच विचारतो.

आज चर्चमध्ये संत पीटर आणि संत पॉल यांचा सण. बॅनर माझ्याच दुकानात छापला. दोघांना धर्मासाठी मारलं, हा त्यांच्या मरणाचा दिवस, एवढं कानावर होतं. म्हणून काळी चौकट करून वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ टाकलं.

चर्चमधून बॅनर न्यायला आलेल्या मार्था टीचर हसायलाच लागल्या. “भैया, घरी बिर्याणी शिजतेय आणि तुम्ही आम्हाला रडायला बसवता?”

“मग काय लिहू?”

“सणाच्या शुभेच्छा. आणि रंग लाल द्या, त्यांनी रक्त सांडलं म्हणून. आमच्यात संत गेला तो दिवस त्याचा स्वर्गातला जन्मदिवस.”

तासाभरात नवा बॅनर दिला. त्या खुशीत गेल्या, मी मात्र अडकलो.

गुरुवारी आईचं वर्षश्राद्ध आहे. नदीवर राजघाटाला विधी, मग घरी जेवण. तिचा बॅनर कालच तयार झाला, काळ्या चौकटीचा. बाबा गेल्यावर तिनं लाल रंग कधी अंगाला लावला नाही. आता तरी तो तिला मिळावा म्हणून आज चौकट लाल केली, पुन्हा काळी केली, असं दोनदा झालं. ताई म्हणते, “लोक काय म्हणतील रे?”

ते लोक म्हणजे तुम्हीच. गुरुवारी जेवायला याल, तेव्हा लाल चौकटीतली आई चालेल ना?