तांदळात लिहिलेलं नाव

आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं. झाशीत आमच्या आजूबाजूला कुणाकडे ही रीत नाही. बहिणीच्या लग्नात शेजारची चाची हसून म्हणाली होती, "अरे, लड़की वही और नाम नया?" आम्हीही हसलो होतो.

तीच धाकटी बहीण मागच्या वर्षी झाशीतल्याच नगरा भागातल्या सासरहून प्रेम नगरला आमच्याकडे परत आली. ओठ फुटलेला, हात झोळीत बांधून गळ्यात अडकवलेला. वकिलांनी कोर्टात संरक्षणाचा अर्ज टाकायचं ठरवलं. नवऱ्याने तिच्या जवळ फिरकू नये, आमच्या दारात येऊ नये, एवढंच मागणं. अर्ज ऑनलाइन भरताना त्यांनी तिचं नाव विचारलं. ती तोंड उघडायच्या आत आईने सासरचं नाव सांगून टाकलं. लग्न झालेल्या मुलीचं नाव सासरचंच लावायचं, हे आईच्या हाडीमाशी मुरलेलं. आधार कार्डावर माहेरचं नाव तसंच राहिलं होतं, ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

मग मोबाइल हेच आमचं कोर्ट झालं. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये जेवणाच्या सुट्टीत मी कोर्टाचं ॲप उघडून केस नंबर टाकायचो. कधी नोटीस निघाली, कधी ती पोचलीच नाही, कधी नुसती पुढची तारीख. असं का झालं, ते ॲप कधी सांगत नाही. घरी आलो की आई विचारायची, "काय म्हणतोय रे?" जणू त्या मोबाइलमध्ये कुणी बसलंय. मी तिच्यावर खेकसायचो. बहीण मात्र काही विचारायची नाही. दाराची कडी वाजली की मागच्या खोलीत निघून जायची.

शेवटी अंतरिम आदेश निघाला. मी तो छापून आणला, आईने देवापुढे ठेवला. आमचा जीव भांड्यात पडला.

पुढच्याच रविवारी तिचा नवरा दारात हजर. मी पोलिसांना फोन केला. शिपाई आला, आदेश वाचला आणि बहिणीचं आधार कार्ड मागितलं. दोन्ही कागद शेजारी धरून म्हणाला, "भैया जी, ये ऑर्डर तो किसी और के नाम है."

मी त्याला तांदूळ, अंगठी, सगळं समजावलं, आदेशावरचं नवऱ्याचं नाव दाखवलं. तो गोंधळला आणि नवऱ्याकडेच वळला. "आप ही बताइए, ये नाम इन्हीं का है?"

त्याने आदेश हातात घेऊन शांतपणे वाचला. "नहीं साहब. इस नाम की किसी औरत को मैं नहीं जानता."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते नाव त्यानेच लिहिलं होतं, आमच्या सगळ्यांसमोर. शिपायाने त्याला तेवढ्यापुरतं जायला सांगितलं. जाताना तो खिडकीतल्या बहिणीकडे बघून, पाहुण्यासारखं, मराठीत म्हणाला, "येतो हं."

वकील म्हणाले, दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असं शपथपत्र द्या, आदेशात दुरुस्ती होईल. बहीण मला हळूच म्हणाली, "दादा, ते नाव मला नकोच आहे. माझं एकटंच लावायला सांग ना."

वकिलांनी नकारार्थी मान हलवली. "बहन जी, फिर तो सब नये सिरे से करना पड़ेगा."

तेवढे दिवस कुणाकडे होते? तिने सही केली. पुन्हा ॲप, पुन्हा तारखा. मग दुरुस्त आदेश आला: माहेरचं नाव, उर्फ, सासरचं नाव. त्याच्यापासून वाचायला त्यानेच ठेवलेलं नाव तिला आता जन्मभर वागवायचं आहे. मला त्याची अजून चीड येते.

तो परत आलेला नाही. येणार नाही, असं आमच्यापैकी कुणीच म्हणत नाही.

हल्ली पोळ्या लाटताना बहीण काहीतरी पुटपुटत असते. आईला वाटतं, स्तोत्र म्हणतेय. परवा पाणी प्यायला आत गेलो तेव्हा मी ऐकलं. ती पोलिसांना फोन करायचा सराव करत होती. "मैं बोल रही हूँ..." आणि पुढे दोन्ही नावं, मधल्या उर्फसकट, कुठेही न अडखळता.