दूध सोडलेल्या बाईचं तोंड

माझ्या बायकोचं तोंड वर्षानुवर्षं यायचं. जिभेच्या कडेला, ओठाच्या आत, गालाला पांढरट फोड उठायचे आणि भोवती लालबुंद कड असायची. आठवडा-दीड आठवड्यात ते बसायचे, थोडे दिवस बरे जायचे, की पुन्हा. घरात कुणाला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. पाहुण्यांशी ती बोलली नाही तर आई सांगायची, "तोंड आलंय तिचं," आणि पाहुणे मान हलवून चहाकडं वळायचे.

मुरुम गावाजवळच्या वस्तीवर आमचं घर. म्हशी आहेत, शेळ्या आहेत, सकाळी दुधाचे कॅन डेअरीला जातात. मी उमरग्याला एका कॉलेजात क्लार्क आहे. घरात शिकलेला मी एकटा, म्हणून फोडांचं कारणही मीच सांगायचो. उष्णता. तिखट कमी खा, पाणी पी, जागू नकोस. आई पेरूचा कोवळा पाला चघळायला द्यायची, जाईची पानं आणायची, तुरटीच्या पाण्यानं गुळण्या करायला लावायची. ती सगळं मुकाट करायची. मग भाकरी पाण्यात भिजवून डाव्या गालानं हळूहळू चावत बसायची. आमची जेवणं तोवर झालेली असायची.

आईचं आणखी एक म्हणणं होतं. "नवस अडकलाय म्हणून तोंडात उठतंय. फेडून टाक बाबा एकदा."

"आई, देव काय फोड वाटत फिरतोय का?" मी म्हणायचो, आणि माझा मीच हसायचो.

तो नवस माझ्यासाठीच होता. मी कॉलेजात रोजंदारीवर होतो तेव्हा बायकोनं नळदुर्गच्या खंडोबाला बोलून ठेवलं होतं. नवरा कायम होईपर्यंत दूध, दही, ताक, तूप तोंडात घालणार नाही. कायम झाला की दोघांनी जोडीनं जायचं, तळी उचलायची, आणि मगच दही खायचं. आमच्याकडं बायका असं काहीतरी सोडतात. कुणी भात सोडतं, कुणी गूळ. हिनं दूध सोडलं, म्हशींच्या घरात राहून.

मी कायम झालो. पेढे आणले. तिनं पेढा हातात घेतला, बघितला आणि जावेच्या पोरीला दिला. "माझं ऱ्हायलंय अजून," म्हणाली. "कवा जायाचं नळदुर्गाला?"

"जाऊ की पौषात."

पौष आला, गेला. पुढचाही गेला. कधी परीक्षेचं काम होतं, कधी गाडी बंद होती. खरं कारण आज लिहितो. मला लाज वाटायची. स्टाफरूममध्ये बसून नवस-सायासांची टिंगल करणाऱ्यांत मी पुढं असायचो. तो मी कपाळभर भंडारा फासून, बायकोशेजारी ताम्हन उचलून उभा आहे आणि कॉलेजातलं कुणीतरी हायवेवरून जाताना बघतंय, हे मला नको होतं. मी मानत नव्हतो, पण म्हणून "तूही सोड, खा दही," असंही कधी म्हणालो नाही. न मानणारा मी, आणि उपास तिच्या वाट्याला.

याच्याही आत एक गोष्ट आहे. सकाळी ती सगळ्यांचा चहा करताना दूध घालायच्या आधी आपला कोरा चहा बाजूला काढायची. ते बघून मला बरं वाटायचं. कुणीतरी माझ्यासाठी रोज काहीतरी सोडतंय, याचं सुख होतं ते. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

मधे एकदा तिला एका डॉक्टरकडं नेलं होतं. त्यांनी तोंडात बॅटरी मारून बघितलं. "मटण-अंडी खाता का?"

"न्हाय, माहेरापासनं माळ हाय गळ्यात."

"दूध-दुभतं?"

"घरी म्हशी हायत की, साहेब."

ती खोटं बोलली नव्हती. मी शेजारी बसलो होतो. मी एवढंच म्हणायला हवं होतं की म्हशी आहेत, पण ही दूध घेत नाही. माणूस हसेल, कारण विचारेल, म्हणून गप्प बसलो. त्यांनी मलम दिलं, गोळ्या दिल्या. गोळ्या होत्या तोवर बरं वाटलं.

मागच्या वर्षी तिच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या. चालताना तोल जायचा. उमरग्याच्याच एका डॉक्टरीणबाईंकडं गेलो. त्यांनी तोंड बघितलं, किती दिवसांत फोड बसतात ते विचारलं. दात टोचत नाही ना, झोप लागते का, हेही विचारलं. म्हणाल्या, "एकच फोड एकाच जागी तीन आठवड्यांवर राहिला असता तर मी वेगळ्या काळजीत पडले असते. हे तसं नाही. ताई, काल सकाळपासून काय काय खाल्लं, तेवढं सांगा."

बायकोनं सांगितलं. कोरा चहा, भाकरी, आमटी, ठेचा, रात्री परत भाकरी. त्यांनी पुन्हा विचारलं, दूध कुठं आहे यात? बायको माझ्याकडं बघायला लागली. या वेळी मी बोललो. नवस सांगितला, जायचं कसं राहिलं तेही सांगितलं. बाई हसल्या नाहीत. रक्त तपासायला सांगितलं. बी-बारा अगदी तळाला गेलेलं, लोहही कमी. "माळ असू द्या," त्या म्हणाल्या, "पण मग दूध-दही सोडून कसं भागेल? तोंड त्यानंच येतंय, आणि पायही त्यानंच." मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "लवकर आणायला पाहिजे होतं."

इंजेक्शनं सुरू झाली. एक महिना कोरा गेला, दुसराही गेला. फोड उठले नाहीत. पायांच्या मुंग्या मात्र अजून पुऱ्या गेलेल्या नाहीत. आई सगळीकडं सांगत सुटली की मी आधीच म्हणत होते. तिचं कारण चुकलेलं होतं, उपाय बरोबर होता. माझ्याकडं दोन्ही नव्हतं.

मी म्हणालो, "चल, नळदुर्गाला जाऊन येऊ."

ती धार काढत होती. मान वर न करता म्हणाली, "एकदा नुसतं म्हणला असता ना की सोड तो नवस, तर म्या देवाला हात जोडून सोडला असता. तुमी कवाच म्हणला न्हाय."

 

पौषात गेलो. ताम्हन उचललं, भंडारा लावून घेतला. गर्दीत आमच्या कॉलेजातले एक सर सहकुटुंब भेटले. त्यांच्याही कपाळाला भंडारा होता. "अरे, तुम्हीपण?" म्हणाले आणि खोबऱ्याचा तुकडा हातावर ठेवला. झालं. ऊन चढायच्या आत आम्ही मोकळे झालो. एवढ्याशासाठी मी तिची इतकी वर्षं खाल्ली.

परतताना हायवेवरच्या ढाब्यावर थांबलो. तिनं दही मागवलं. पहिला घास बराच वेळ तोंडात धरून ठेवला. फोड नव्हते, तरी सवयीनं डाव्या गालाकडं.

"लागतंय का?"

"न्हाय."

वाटी संपवली, दुसरी मागवली. मी म्हणालो, मलाही एक सांग.

"तुमी मानत न्हाय ना," ती म्हणाली. "मग ऱ्हाऊ द्या."

मी चहा मागवला. ती दुसरी वाटी खात होती, माझ्याकडं न बघता, सावकाश.