आबांचं नाक मोजायला नाशिकला

चांदवडहून सकाळच्या एसटीने निघालो. आबा, म्हणजे माझे थोरले दीर, त्यांची मुलगी वैशू आणि मी. वैशूला एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कामाला असलेल्या एका मुलाशी लग्न करायचं आहे. आबांनी त्याचा फोटो पाहिला आणि नाक बसकं म्हणून नकार दिला. आमचं घराणं राजस्थानातून आलेल्या सरदारांचं, असं ते सांगतात. पुरावा एकच, स्वतःचं नाक.

वैशूच्या कॉलेजात माणसाच्या शरीराच्या ठेवणीचा अभ्यास करणाऱ्या मॅडम आहेत. त्यांच्याकडून नाकाचा दाखलाच आणतो, असं आबांनी पारावर चारचौघांत जाहीर केलं. वैशूने तिथेच विचारलं, "अन् नाकावरून कूळ कळत नसलं तर?"

"तर त्याच्याशीच तुझं लग्न लावीन. माझा शब्द हाय."

मला सोबत घेतलं, कारण मी बोलत नाही.

पिंपळगावला कांद्याच्या ट्रॅक्टरांत एसटी अडकली. आबा खिडकीतून नाकं बघून कुळं सांगत होते. त्यातला एक अस्सल सरदार आमच्याच एसटीत चढला आणि खारे शेंगदाणे विकू लागला. आबांनी तोंड फिरवलं. शेंगदाणे चांगले होते.

कॉलेजात मॅडमच्या खोलीत कपाटभर प्लास्टरच्या कवट्या होत्या. त्यांतली सरदाराची कोणती, ते मला ओळखता आलं नाही. मॅडमनी चिमट्यासारख्या मापाने आबांचं नाक मोजलं. मग समजावून सांगितलं, की नाकाची ठेवण पूर्वजांच्या मुलखातल्या हवेप्रमाणे थोडीफार घडते, कातडीचा रंग उन्हाप्रमाणे. तेही हजारो माणसं पाहिली तर. एका नाकावरून कूळ सांगता येत नाही. आबांनी डोकं पुढे केलं. लहानपणच्या खाण्यापिण्याने डोक्याची ठेवणही बदलते, असं मॅडम म्हणाल्या.

"मग कळतं तरी काय?"

"कष्ट कळतात, काका. वर्षानुवर्षं उकिडवं बसलं की घोट्याच्या हाडावर खूण उठते. ओझी वाहिली की मानेचे मणके झिजतात." त्यांनी माझी मान हलकेच दाबून दुखते का विचारलं. डोक्यावरून पाणी आणण्यात आणि उकिडवं बसून कांद्याची रोपं लावण्यात जन्म गेला, पण हे मला कोणी विचारलं नव्हतं.

आबांनी आपलीही मान वाकवली. मॅडमनी काम विचारलं. "देखरेख," आबा म्हणाले.

"देखरेखीची खूण हाडावर राहत नाही."

येताना आबांनी खिडकीतून एकाही नाकाचं कूळ सांगितलं नाही. पारावर माणसं वाट बघत होती. तिथे मात्र त्यांना वाचा फुटली. आपलं नाक इतकं जुनं हाय, की शास्त्राचा हात तिथवर पोचत नाय, असं त्यांनी सांगितलं. माणसांनी माना डोलावल्या. वैशूचे डोळे भरले.

मी पदर सावरला. "मॅडम म्हणाल्या, नाकावरून कूळ कळत नाही," मी म्हणाले. "अन् आबांनी इथंच शब्द दिला होता."

पाण्याचा हंडा बोलावा तसे आबा माझ्याकडे बघत राहिले. एक म्हातारा म्हणाला, "दिला होता खरा."

चारचौघांत दिलेला शब्द मागे घेणं आबांना जमेना. एकलहऱ्याला फोन गेला. एवढ्या प्रवासात मला कळलं ते इतकंच, की माणूस आधी ठरवतो आणि मग बघतो. कालपासून आबा सगळ्यांना सांगतात, जावयाचं नाक बाजूने पाहिलं तर अगदी आपल्याच घराण्यातलं हाय.