गढूळ पाण्याचं वाक्य

परिच्छेद कसा लिहावा हे शिकवण्यात पनवेलात माझा हात धरणारा कोणी नाही, अशी माझी ठाम समजूत होती. स्वराज्य येऊन चार-पाच वर्षं झाली होती आणि सातवीचा वर्ग माझ्याकडे होता. फळ्यावर मी दरवर्षी एकच नियम लिहायचो: एका परिच्छेदात एकच गोष्ट. पोरं मारुतीच्या देवळापासून सुरुवात करून मामाच्या लग्नात जेवायची आणि बंदरावर हात धुवायची. असलं काही वहीत दिसलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाई. मग लाल शाईनं आडवी रेघ, शेजारी 'विषयांतर', आणि दोन खोचक शब्द तोंडी.

वर्गात तीनच मुली होत्या. त्यातली एक खाडीकडच्या गावातून चालत यायची. त्या गावाची सगळी भातशेती खारीची, म्हणजे खाडी आणि शेत यांच्यामध्ये मातीचा एक बांध, आणि त्या बांधाच्या जिवावर अख्ख्या गावाचं वर्षाचं जेवण. बापाला अक्षरओळख नव्हती, पण पोरीला मास्तरीण करायचं त्याच्या मनात होतं. पीक आलं तरच तिची शाळा, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

गणपती झाले आणि दिपोटीसाहेब, म्हणजे शाळा तपासणारे अधिकारी, येणार असा निरोप आला. मी 'आमचे शेत' हा विषय दिला. सगळ्यांत चांगला उतरेल तो परिच्छेद भिंतीवर लावायचा होता. तिचा वाचला आणि मी खूश झालो. भाताचा रंग, चिखलाचा वास, बांधावरचे बगळे. एक शब्द जास्तीचा नाही. शेवटचं वाक्य तेवढं भलतंच होतं: 'बांधाच्या आतल्या अंगाला गढूळ पाणी येत आहे.'

मी लाल शाईची दौत पुढे ओढली.

"मास्तर, तेवढं राहू द्या," ती उठून म्हणाली. एरवी तिच्या तोंडून शब्द फुटत नसे. "बाबांनी मुद्दाम लिवायला सांगितलंय. निवळ पानी आलं तर घोर नाय. गढूळ आलं म्हंजे बांध आतून चाललाय."

"शेताचं वर्णन करायला सांगितलंय, गाऱ्हाणं नाही," मी म्हणालो. "आणि वह्या तुझे बाबा तपासतात की मी?"

वर्ग हसला. ते हसणं मला आवडलं, याची आज लाज वाटते. मी रेघ मारली. तिनं खाली मान घालून स्वच्छ प्रत काढली. ती मी दाराजवळच्या भिंतीवर, सरकारी नोटिशींच्या शेजारी चिकटवली.

आठवड्याभरानं तिचा बाप बाजाराला आला होता, तो शाळेत डोकावला. भिंतीकडे बोट दाखवून म्हणाला, "ह्यो माझ्या पोरीचा कागद ना?"

"हो. सगळ्यांत उत्तम. साहेब आले की हाच दाखवणार."

त्यानं त्या कागदाला हात जोडले. मला हसू आलं. त्यांच्या गावात सरकारला काही कळवायचं असलं की माणसं शाळेत येत आणि मी अर्ज लिहून देई. मास्तरांच्या हाती कागद गेला की तो कचेरीत पोचलाच, असं ती धरून चालत. हे मला पुरतं माहीत होतं. तरी डोक्यात उजेड पडला नाही.

दिपोटीसाहेब आले, परिच्छेद वाचून 'शाबास' म्हणाले आणि चहा घेऊन गेले.

त्यानंतर मात्र मला त्या पोरीचे पाय दिसायला लागले. आधी चिखल घोट्यापर्यंत असे, मग पोटरीपर्यंत आला. बांधावरची वाट खचली का गं, असं विचारायचं रोज ओठांवर येई. विचारलं असतं तर माझी रेघ चुकली हेही कबूल करावं लागलं असतं. मनात भीती होती आणि मी ती गिळत होतो.

सर्वपित्री अमावास्या झाली. दुसऱ्या दिवशी तिची जागा रिकामी होती. तिच्या गावचं एकही मूल आलं नव्हतं. त्या दिवसांत उधाणाची भरती दुपारी एकच्या सुमारास येते, हे पनवेलातलं शेंबडं पोरही सांगेल. मी वाक्यांचा क्रम शिकवत होतो आणि सारखा घड्याळाकडे बघत होतो. दीड वाजता बंदराकडून माणसं ओरडत आली. बांध फुटला होता. माणूस कोणी गेलं नाही, पण फुलोऱ्यातलं सगळं भात खाऱ्या पाण्याखाली गेलं. असं पाणी एकदा शिरलं की पुढची दोन-तीन वर्षं ती जमीन काही देत नाही.

चौथ्या दिवशी बाप शाळेत आला. मागे ती, दप्तराशिवाय. मिठागरावर टोपल्या वाहायला जायचं म्हणून शाळेतून नाव काढायचं होतं. त्याचा आवाज चढलेला नव्हता.

"गाव बांधाला माती घालायला निघालं व्हतं, मास्तर. मीच थांबवलं. म्हनलं, पोरीनं लिवलंय, मास्तरांनी भिंतीला लावलंय, सायब बघून मानसं धाडतील. आमच्या टोपलीभर मातीनं काय व्हनार?" मग भिंतीकडे बघून म्हणाला, "बांधाचं कसं लिवलंय तेवढं वाचून दाखवा."

म्हणजे तिनं घरी सांगितलंच नव्हतं. मी वाचायला लागलो. रंग झाला, वास झाला, बगळे झाले. पुढे कागद कोरा होता.

"आनि बांधाचं?"

तेवढ्यात ती पुढे आली, कोऱ्या जागेवर बोट ठेवलं आणि सावकाश वाचल्यासारखं म्हणाली, "बांधाच्या आतल्या अंगाला गढूळ पाणी येत आहे."

बापानं मान हलवली. "म्हंजे सायबानंच ध्यान दिलं नाय," तो म्हणाला. "तुमची काय चूक, मास्तर!"

मी हजेरीपट उघडला आणि तिच्या नावावर लाल रेघ मारली.